मनगटातलं रबर

आमच्या वन्संच्या हातात कसलंही कापड द्या, आधी त्या त्याचा मध्य शोधतील. चादर असो, टॉवेल असो, नाहीतर साधं फडकं. मधोमध चिमटीत धरायचं, दोन्ही बाजू सारख्या लोंबतात का ते पाहायचं आणि मगच घडी घालायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाईंना काहीतरी खूळ आहे. पुढं कळलं, खूळ नव्हे, नोकरी आहे.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला वन्संनीच वाढवलं आणि त्या धबडग्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. कारखान्यात त्यांना तोंडावर 'मावशी' म्हणत आणि पाठीमागं 'मधोमध'. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण कबूल करतील तर शपथ.

कारखाना दिशायंत्रं बनवायचा, बोटींसाठी. यंत्राच्या पोटात काचेच्या धाग्याचं वेटोळं असतं. धागा केसाहून थोडा जाड, आणि लांबी म्हणाल तर आमच्या घरापासून धक्क्यापर्यंत जाऊन परत येईल एवढी. त्याच्या दोन्ही टोकांतून एकाच वेळी उजेड सोडतात. बोट जराशी वळली की एका टोकाचा उजेड दुसऱ्याच्या किंचित आधी पोचतो, आणि त्या फरकावरून यंत्राला वळण कळतं. हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघालं ते साहेब एकदा घरी आले होते. म्हणाले, "वहिनी, नुसतं टेबलावर ठेवलं तरी याला पृथ्वी फिरतेय ते कळतं." मी म्हटलं, "नशीब तुमचं. आमच्याकडच्या यंत्राला हाताशी ठेवलेला चष्माही दिसत नाही." हे वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. त्यांना तेही ऐकू आलं नाही.

पण या धाग्याची एक खोड आहे. एका बाजूला ऊब आधी लागली आणि दुसऱ्या बाजूला मागून, की यंत्र फसतं. बोट सरळ चाललेली असते आणि यंत्र छातीठोकपणे सांगतं की वळली. म्हणून वेटोळं धाग्याच्या मध्यापासून सुरू करायचं. अर्धा धागा डाव्या रिळावर, अर्धा उजव्या. पहिला थर डाव्या रिळाचा, मग दोन उजव्याचे, मग दोन डाव्याचे, असं करत करत शेवटचा थर पुन्हा डाव्याचा. असं केलं की दोन्ही बाजूंचे जोडीदार धागे शेजारी शेजारी बसतात आणि ऊब लागते ती दोघांना एकदमच. वन्सं मला सांगायच्या, "दोन लेकरं आहेत असं समज. एकाला उन्हात आणि एकाला सावलीत बसवलं की घरात भांडण." घरातही त्यांचा हाच न्याय. माझं आणि ह्यांचं वाजलं की दोघांना बोलणी बसायची, आणि ती अगदी तोलून मापून सारखी. चूक बहुतेक वेळा ह्यांचीच असायची, तरीही.

वेटोळ्याचं चाक मोटरवर फिरायचं, पण धागा वन्संच्या बोटांतून जायचा. फार ताणला तर दुखावतो, सैल पडला तर खालच्या थरात घुसतो आणि सगळं मुसळ केरात. थर सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही, हा तिथला कायदा. आणि कुठल्या रिळाचा थर चालू आहे याचा घोळ होऊ नये म्हणून वन्संची एक युक्ती होती. पुडीला लावतात तसलं साधं रबर. डाव्या रिळाचा थर असला की डाव्या मनगटात, उजव्याचा असला की उजव्या. रीळ बदलायचं त्याआधी रबर बदलायचं. शेवटचा थर डावा, त्यामुळे वेटोळं पुरं झालं की त्या डाव्या मनगटात रबर घेऊन घरी यायच्या. ते काढायचंही भान नसायचं त्यांना. ते दिसलं की मी ओळखायची, आज स्वारी खुशीत आहे.

आमचे हे खाडीतली फेरीबोट चालवतात. हिवाळ्यात धुकं पडलं की बोट बांधून ठेवावी लागते आणि पलीकडच्या काठाला इस्पितळ नाही, त्यामुळे माणसांचे हाल होतात. बोट लोखंडी, साधं होकायंत्र तिच्यात भंजाळतं. वर उपग्रहाकडून येणारी खूण काठावरच्या कड्याखाली हमखास तुटते. साहेबांचं यंत्र चाललं तर धुक्यातही बोट सुटणार होती. पहिली चाचणी ह्यांच्याच बोटीवर ठरली. वेटोळं अर्थात वन्संचं, आणि तेही शेवटचं, कारण उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. भावाच्या बोटीत बहिणीचा धागा. त्या आठवड्यात कपाटातले सगळे कपडे वन्संनी पुन्हा घड्या घालून ठेवले.

ते वेटोळं संपायच्या दिवशीची गोष्ट. सकाळी लख्ख ऊन होतं. बोट सुटली आणि मधल्या मध्ये अवचित धुकं उतरलं. पलीकडून निरोप आला, बोट पोचली नाही. ह्यांचा फोन लागेना. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी तशीच कारखान्यात धावले. फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही, शिपायाबरोबर निरोप मात्र धाडला. शिपाई परत आला आणि म्हणाला, "मावशी म्हणतात, थर चालू आहे, आणखी एक उरलाय. तो संपला की येते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ खाडीत हरवलाय आणि ही बाई धागा गुंडाळत बसलीये! थर सोडता येत नाही हे मला ठाऊक होतं. मी आजही म्हणते, उठायला हवं होतं.

त्या बाहेर आल्या तोवर धुकं विरत आलं होतं. आम्ही दोघी धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सावकाश आत येत होती. ह्यांनी शहाणपणा करून मधेच नांगर टाकला होता आणि घंटा बडवत बसले होते. उतारू ह्यांच्या नावानं खडे फोडत उतरले. ह्यांनी खाली येऊन विचारलं काय, तर "चहा आहे का?"

संध्याकाळी तिघं चहा पीत होतो. माझं लक्ष वन्संच्या हाताकडं गेलं.

"वेटोळं झालं ना पुरं?" मी विचारलं.

"झालं की. चिकटवून पाठवलंसुद्धा पुढं."

"मग रबर उजव्या हातात कसं?"

वन्संनी मनगटाकडं पाहिलं. कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

अर्थ दोनच निघत होते. एक तर शेवटी रबर बदलायचं राहिलं आणि धागा बरोबर बसला. नाहीतर रबराप्रमाणे धागाही उजव्याच रिळाचा गेला, म्हणजे जोडीदारांची जोडी फुटली. उरलेला धागा बघून कळलं असतं, पण तो कापून टाकून कचराही गेला होता. आणि वन्संना, काही केल्या, तो बदल आठवेना.

"तपासणीच्या खोलीत कळेल की," हे म्हणाले.

"त्या खोलीत ऊन नाही न् गारठा नाही. तिथं दोन्ही लेकरं गुणीच दिसतात," वन्सं म्हणाल्या. "चूक असली तर ती तुझ्या बोटीत दिसेल. धुक्यात."

मी म्हटलं, "वन्सं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. इतक्या वर्षांत एक चूक नाही. शेवटच्या वेटोळ्याला कशाला बोभाटा?" असं मी म्हटलं खरं, पण बोटीत कोण असणार ते आठवलं आणि माझी मलाच पुढं जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांकडं गेल्या. सोबत मी गेले. साहेबांची खोली चिमुकली, फळाभर आकडेमोड, खिडकीत तीन रिकामे कप. सगळं ऐकून ते म्हणाले, "मावशी, चूक झालीच आहे, अशी खात्री आहे तुमची?"

"नाही."

"झाली नाही, अशी?"

"तीही नाही."

साहेब उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. ज्या कपाटात ऊन आणि गारठा आलटून पालटून देऊन वेटोळं पारखतात, ते कपाट दुसऱ्या गावी होतं आणि तिथं नंबर लावावा लागे. नवं वेटोळं करायचं तरी आठवडे जाणार. तोवर धुक्याचे दिवस संपणार. चाचणीला मोठमोठी माणसं येणार होती, तारखा ठरल्या होत्या. त्यांच्या अर्ध्या आयुष्याचं काम होतं ते. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि ओरडला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. त्यांनी फोन उचलला आणि एकेकाला कळवायला लागले की चाचणी पुढच्या हिवाळ्यात. वन्सं खुर्चीवर बसून पदराचा मध्य शोधत राहिल्या.

मग जे व्हायचं ते झालं. कारखान्यात कुणी म्हणालं, म्हातारपणी भ्रम झाला. कुणी म्हणालं, जाता जाता साहेबांच्या तोंडचा घास काढला. निरोप समारंभात हार पडला गळ्यात, पण त्यांच्या डोळ्याला डोळा फारसा कुणी दिला नाही. घरी आल्यावर त्यांनी रबर काढून खिळ्याला अडकवलं. घड्या घालायचं सोडून दिलं. चादरी मी घालीन तशा वेड्यावाकड्या कपाटात जाऊ लागल्या, आणि त्या बघूनही बघत नव्हत्या. मला फार माया आली त्यांची. माझ्या तोंडावर माझी कितीही सत्ता नसली तरी त्या दिवसांत मी त्यांना एक शब्द लागेलसा बोलले नाही.

एके दुपारी साहेब स्वतःच दारात उभे. हेही घरी होते.

"मावशी, वेटोळं पारखून आलं," साहेब चपला काढता काढता म्हणाले. "भाजून पाहिलं, गारठवून पाहिलं. यंत्र जराही ढळलं नाही. शेवटचा थर डाव्याच रिळाचा आहे."

वन्सं मटकन खाली बसल्या. तोंडाला पदर लावून रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या. माझाही जीव भांड्यात पडला. साहेबांनी पाणी घेतलं आणि जरा वेळानं हळूच विचारलं, "एक विचारू? मग रबर बदलायचं राहिलं कसं?"

"कोण जाणे. वय झालं," वन्सं म्हणाल्या.

मी गॅसशी उभी होते. चहाला उकळी आली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. शिपाई माझा निरोप घेऊन आत गेला तेव्हा शेवटच्या आधीचा, उजव्या रिळाचा थर चालू होता. त्यानंतर रीळ बदलायचं होतं. ते त्यांच्या हातांनी बदललं, सवयीनं, बिनचूक. रबर बदलायला मात्र माणूस जाग्यावर असावं लागतं, आणि वन्सं जाग्यावर नव्हत्याच. त्या घंटा ऐकायला खाडीत गेल्या होत्या.

मी बोलणार होते. वन्संनी माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं, आणि किंचित मान हलवली. हे बशीत चहा ओतत होते. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी.

पुढच्या हिवाळ्यात, चाचणीच्या सकाळी, धुकं इतकं दाट होतं की धक्क्यावर उभं राहून पायरी दिसेना. बोटीत साहेब, आलेली पाहुणेमंडळी आणि सुकाणूवर आमचे हे. काचेबाहेर बघून काही उपयोग नव्हता, ह्यांनी नजर लावायची ती त्या यंत्राच्या काट्यावर. पलीकडं जायचं आणि परत यायचं. बोट चार हात गेली आणि नाहीशी झाली. नंतर इंजिनाचा आवाजही गेला.

वन्सं माझ्याजवळ उभ्या होत्या. खिळ्यावरचं रबर त्यांनी निघताना काढून घेतलं होतं. ते त्यांच्या उजव्या मनगटात होतं.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे."

मी शाल गच्च धरून उभी होते. गारठ्यानं पाय बधिर झाले. सुटून गेलेल्या बोटीचा भोंगा डावीकडून येतोय की उजवीकडून, नाहीतर येतच नाहीये, असे नाही नाही ते भास व्हायला लागले. वन्सं मात्र समोर एकाच जागी बघत होत्या, जिथून बोट आत यायला हवी तिथं. त्यांचा हात मी हातात घेतला.

भोंगा वाजला. अगदी समोरून. मग धुक्यातून बोटीचं नाक निघालं, धक्क्याच्या तोंडाच्या बरोबर मधोमध. वर साहेब दोन्ही हात हलवत होते, आणि हे सुकाणूशी, चष्मा नाकावर घसरलेला, काट्यावरची नजर अजून न काढता उभे होते.

बोट धक्क्याला लागली. वन्संनी उजव्या मनगटातलं रबर काढलं, डाव्या मनगटात घातलं आणि डोळे पुसले.

"चल," त्या मला म्हणाल्या, "थर संपला."