शेवट गाळल्याचा आरोप

नव्वदीच्या मध्यातला श्रावण. उज्जैनला, नानाखेड्याच्या आमच्या आत्याकडे एकाच आठवड्यात दोन नव्या गोष्टी आल्या... घरात केबल आणि आत्याच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. इतके चॅनल, आणि बघायला बंदी! देवाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसरा डोळाही त्याच वाटेवर, त्यामुळे वाचन बंद. फ्रीगंजच्या डॉक्टरांनी बजावलं होतं... वाकायचं नाही, शिंकायचंसुद्धा जपून, आणि टाके कच्चे आहेत तोवर रडायचं अजिबात नाही.

मी तेव्हा संस्कृतात एम.ए. करून नोकरीची वाट बघत होतो. म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामा. उच्चार शुद्ध, वेळ भरपूर... दुपारी आत्याला वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

श्रावणातली पोथी संपली, तसं मी वाचनालयातून एक अनुवादित पुस्तक आणलं. नाझींच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या एका ज्यू बाईच्या आठवणी. मी तर्क लढवला... बाई वाचली म्हणूनच तर पुस्तक आहे, म्हणजे शेवट गोड. आत्यालाही तसंच ठोकून दिलं. न्यायशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हे इथे नम्रपणे नमूद करतो.

शेजारच्या शर्मा भाभीही ऐकायला येत. सवयीने समई लागली, सवयीने पुस्तक पाटावर आलं. प्रकरण संपलं की दोघींचे हात जोडले जायचे. मीही नकळत पोथीचा सूर लावला, तर आत्या म्हणाली, "शास्त्रीबुवा, साधं वाचा. ती पोलंडची आहे."

पुस्तकातली मुलगी चौदा वर्षांची. आई टोप्या शिवायची, धाकटा भाऊ खोडकर. मग शाळा सुटली, सायकल गेली, घर गेलं. "परीक्षा चाललीय तिची," आत्या ठामपणे म्हणायची. आमच्या कथांत असंच असतं ना... राज्य जातं, गलबत बुडतं, मूल दगावतं, आणि शेवटच्या अध्यायात देव सगळं परत देतो. आम्ही तिघंही त्या अध्यायाची वाट बघत होतो.

मग आगगाडी आली. चढण्याआधी सगळ्यांना सांगितलं गेलं, बॅगांवर नावं नीट लिहा, सामान नंतर मिळेल. मुलीने खडूने आईचं नाव लिहिलं, ठळक अक्षरात. भाभींनी सुटकेचा श्वास टाकला. "नाम लिखवाया है ना भैया... मतलब लौटाएंगे."

मी मान डोलावली. मलाही तेच वाटलं होतं.

पान उलटलं. गाडीतून उतरल्यावर दोन रांगा. आई आणि धाकटा एकीत, मुलगी दुसरीत. आईने जाता जाता वळून एवढंच सांगितलं, डोकं झाकून घे, थंडी आहे. ती रांग जिकडे गेली, तिकडे धुराडं होतं... संध्याकाळी कुणीतरी मुलीला बोट करून तो धूर दाखवला.

थांबावं हे मला सुचलंच नाही. शब्द तोंडातून अगदी शुद्ध बाहेर पडत होते, अर्थ मागाहून येत होता. भाभींनी पदर तोंडात धरला होता. एकदम डोळ्यांचं आठवून मी आत्याकडे पाहिलं, तर तिने पट्टीवर तळहात ठेवला होता. "रडत नाहीये मी. वाच तू."

"त्यात धूर लिहिलाय, आई मेली असं कुठे लिहिलंय?" ती थोड्या वेळाने म्हणाली.

समाप्तीच्या दिवशी भाभी पेढे घेऊन आल्या. युद्ध संपतं, मुलगी गावी परतते, स्वतःच्या घराचं दार वाजवते. दार उघडणारे लोक अनोळखी... ते दार लावून घेतात. ती जिन्यात बसून राहते, आई आलीच तर चुकामूक नको म्हणून. बस. एवढंच.

"पुढे?"

"संपलं आत्या."

"आई?"

आत्याने हात पुढे करून पुस्तक घेतलं, शेवटच्या पानावरून बोटं फिरवली, पान उलटलं. हाताला जाड पुठ्ठा लागला. भाभी पेढ्यांचा डबा न उघडताच घरी गेल्या.

"गाळलंस तू," आत्या म्हणाली. "आई भेटते तिथे मला रडू येईल, म्हणून डॉक्टरांच्या धाकाने गाळलंस."

मी पान पुन्हा वाचून दाखवलं. उपयोग शून्य. पुढे जो कुणी डोळ्याची चौकशी करायला येई, त्याला चहाबरोबर माझी तक्रार मिळे... "आमच्या पंडिताने मायलेकींची भेटच खाल्ली!" माझ्या वडिलांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच गाळलंस का रे?

यथावकाश टाके निघाले, नवा चष्मा आला. आता टीव्ही लागणार म्हणून सगळे सरसावून बसले, तर तिने मला पुस्तक परत आणायला पिटाळलं.

दुपारभर ती वाचत होती. आधी शेवट, मग ते स्टेशन, मग पुन्हा शेवट. मी समोर पेपर धरून बसलो होतो, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ... आतल्या खोलीत कुठल्याशा सीरियलमध्ये कुणाचं तरी लग्न लागत होतं.

शेवटी तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नव्हतंस रे गाळलं," म्हणाली.

म्हणजे मी निर्दोष सुटलो, तेही खुद्द फिर्यादीच्या तोंडून. पण त्या जिन्यात बसलेल्या मुलीसाठी... त्या दिवशी खोटारडा ठरलो असतो, तर किती बरं झालं असतं.