गच्चीचं निमित्त

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. पुण्याच्या मुलीजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अकोल्याच्या आमच्या कॉलनीत मे महिना निम्मा सरला की दोघीतिघी माझ्याकडे चौकशीला येतात. पावसाआधी घराचं काय काय पाहायचं? मी सांगते. गच्ची झाडून घ्या, पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाला काढा. मग दांड्याने फरशी ठोकत चला, पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. चीर दिसली तर वरवर सिमेंट थापू नका. आधी ती छिन्नीने मोकळी करा, धूळ काढा, ओली करा, मग भरा. आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात ती पुन्हा फाटते. कूलर ठेवून देताना टाकी पुसून कोरडी करा. त्या विचारतात, काकू, हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक? आमचे हे सांगायचे, मी म्हणते.

ते खोटं आहे. यांना भिंतीत खिळासुद्धा धड ठोकता येत नव्हता.

मला हे प्रवीणने शिकवलं. प्रवीण इंगळे, वरच्या दोन खोल्यांतला भाडेकरू. एका सरकारी कार्यालयात नकाशे काढायचा. गाव अमरावतीजवळचं वलगाव, वडील गवंडी. हे जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी परत गेली होती, आणि मी दिवसदिवस कुणाशी बोलत नसे. अशात तो आणि त्याची बायको उज्ज्वला राहायला आले. वर पावलं वाजायला लागली — तुम्हाला हसू येईल, पण त्या आवाजावर मी माझा चहा ठेवायचे. उज्ज्वला शाळेतल्या नोकरीवरून आली की आधी माझ्याकडे डोकावायची. तिला दिवस गेले तेव्हा म्हणाली, "काकू, गावाकडं अजून कोनाले सांगतलं नाही. तुमालेच पयले सांगून राहिले."

इंगळे आडनाव आपल्याकडे किती जातींत असतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं नव्हतं. मी अशा गोष्टी विचारत नाही, याचा मला अभिमान होता. पण खरं सांगू? विचारलं नव्हतं, कारण मनातल्या मनात मी माझ्या सोयीचं उत्तर धरून बसले होते.

मे महिन्यात एका सकाळी उज्ज्वला पांढरी साडी नेसून खाली आली. हातात झाकलेलं पातेलं. विहारातून येत होती. "बुद्धपौर्णिमा हाय ना आज, काकू. खीर आनली."

मी पातेलं घेतलं. हसले. बस म्हणाले. ती गेल्यावर खीर मोरीत ओतली. भांडं घासलं, पुन्हा घासलं, आणि रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात साखर घालून वर नेऊन दिलं. पंचवीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. समतेचे धडे मुलांकडून पाठ करून घेतले. सासरी पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी होती — पण सासरचं कुणी उरलं नव्हतं. मला कुणी काही म्हटलं नाही, शेजाऱ्यांनी विचारलं नाही. कुणावर ढकलावं असं कुणीच नाही. मोरीशी मी एकटीच होते.

चार दिवसांनी प्रवीणला म्हणाले, छताचं काम काढते आहे. पावसाआधी गच्ची फोडावी लागेल, खोल्या रिकाम्या करून हव्यात.

त्याला ते खरंच वाटलं. तो दांडा घेऊन वर गेला, उन्हात तासभर ठोकत फिरला आणि आनंदाने खाली आला. "काकू, गच्ची फोडाचं काई काम नाही. चार जागी चिरा हायेत फकस्त. मी भरून देतो, तुमी टेन्शन नोका घेऊ."

मी नको का म्हणाले नाही? एवढंही धैर्य नव्हतं मला. दोन रविवार तो पहाटे उठून चिरा भरत होता. मी खाली उभी राहून कसं करायचं ते विचारत होते, आणि तो समजावून सांगत होता. आठवडाभर त्याने पाणी मारलं. शेवटच्या दिवशी हात पुसत म्हणाला, "झालं, काकू."

मी म्हणाले, मिस्त्रीला शब्द दिला आहे. खोल्या तर लागतीलच.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे वळला. त्याला कळलं — ते मला त्याच्या पाठीवरून कळलं.

इथवरच असतं तरी पुरे होतं. पण समोरच्या घरी खोल्या रिकाम्या होत्या आणि तिथे प्रवीण-उज्ज्वलाचं राहायचं जवळजवळ ठरलं होतं. समोरच्या बाई मला विचारायला आल्या, कशी आहेत हो माणसं? मी म्हणाले, तशी बरी आहेत... स्वच्छता जरा कमी आहे.

स्वच्छता! उज्ज्वला जिन्याच्या माझ्या वाटणीच्या पायऱ्यासुद्धा पुसायची. मग ते वाक्य मी का बोलले? समोरासमोर राहिली असती तर रोज दिसली असती, म्हणून. समोरच्यांनी नाही म्हटलं. सगळं सामान टेम्पोत भरून ती दोघं वलगावला गेली, उज्ज्वलाला पाचवा महिना असताना, त्या उन्हात. प्रवीण वलगावहून अकोल्याला येऊन-जाऊन नोकरी करत होता, असं पुढे कानावर आलं. उज्ज्वलाची शाळेतली नोकरी सुटली. वरच्या खोल्यांना मी कुलूप लावलं. नंतर कुणाला ठेवावंसं वाटलं नाही. वर आवाज नाही.

गेल्या वर्षी डोळे तपासायला अमरावतीला गेले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुरकट. कुणीतरी कोपराला धरलं. "एकट्याच आल्या, काकू?" उज्ज्वला होती. तिने मला रस्ता ओलांडून दिला, ऑटो थांबवला, चालवणाऱ्याला हळू ने म्हणून बजावलं. मी बसले. तिने विचारलं, "गच्ची फोडली का मंग तुमी?"

आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. माझ्या तोंडाशी आलं होतं — सगळं आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "फोडली."

ती "बरं" म्हणाली आणि ऑटोवरचा हात काढून घेतला.

डोळ्यांत औषध होतं, तिचा चेहरा मला दिसला नाही, असं मला म्हणता येईल. पण दिसला होता.