नाना पायांकडे बघायचे

सामन्याच्या सकाळी नाना खेळाडूच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. "तोंड खोटं बोलस, पाय नही बोलत," असं त्यांचं म्हणणं. नंदुरबारच्या मैदानावर आम्हा पोरांना ते जसं लागू होतं, तसंच पुढे त्यांनी शिकवलेल्या परदेशी संघालाही.

त्यांची परीक्षा एकच होती. बूट काढायचे, उकिडवं बसायचं आणि समोरच्या गोणपाटावरच्या लाल मिरच्यांची देठं खुडायची. आमच्याकडे मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर बायका दिवसभर अशाच बसतात. नानांची आई बसायची, माझी आई अजूनही बसते. हात मिरचीत गुंतले की माणूस पाय लपवायचं विसरतो. दुखरी टाच हळूच उचलली जाते, अंग एका बाजूला कलतं. तेवढं दिसलं की नाना म्हणत, "ऊठ भो. आज तू पाणी पाजशी." कुणी हात न धुताच डोळे पुसायचा आणि नळाकडे पळत सुटायचा. मग नाना पोट धरून हसायचे.

ते स्वतः वेगवान गोलंदाज होते. रणजीपर्यंत पोचले, मोजके सामने खेळले. एका सामन्याआधी गुडघा दुखत होता. कोचने दुखणं दबवायची सुई टोचून उतरवलं, नाना गप्प राहिले. त्या दिवशी बळी मिळाले, टाळ्या मिळाल्या आणि गुडघा कायमचा गेला. याबद्दल ते एवढंच बोलायचे, "मी सांगं नही, म्हणीसन गया."

मग इथल्याच मैदानावर त्यांनी पोरं शिकवायला घेतली. मुलगी मी एकटीच, म्हणून नाना मला 'माय' म्हणत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, हे मी आजही छाती काढून सांगते. नानांना माझा उपयोग दुसराच होता. कोचच्या परीक्षा इंग्रजीत असायच्या. सरावानंतर आम्ही कठड्यावर बसून इंग्रजी बोलायचो. माझं निम्मं चुकायचं, त्यांचं त्याहून जास्त. पण ते परीक्षा पास होत गेले. आधी आखातात सहायक कोच झाले आणि मग आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य कोच. आमच्या चौकात फटाके वाजले.

तिथे मिरची कुठली? नाना खेळाडूंना भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवायचे. "कोच, आम्हाला आजीबाई समजलात का?" असं ती पोरं विचारतात, हे नाना फोनवर मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्या संघात एक उंच, डावखुरा गोलंदाज होता. नाना त्याला लंबू म्हणत. त्या देशाची सगळी आशा त्याच्यावर होती.

पात्रता फेरीतला शेवटचा सामना आला. जिंकले तर संघ पहिल्यांदा विश्वचषकात जाणार होता. हरले तर नानांचा करार संपणार, हे तिथल्या क्रिकेट मंडळाने आधीच बजावलं होतं. त्या सकाळी नानांचा फोन आला. सामन्याच्या दिवशी ते कधीच फोन करत नसत.

"माय, लंबू टाच उचली ऱ्हायना."

म्हणजे शेंगा सोलताना लंबूची टाच उचलली जात होती. "फिजिओ काय म्हणतात?"

"सुई दिधी ते खेळी जाई. पुढलं सांगता येत नही. तुम्हीच ठरवा, म्हणे."

"नाना, एवढा एकच सामना खेळवा. मग द्या महिनाभर विश्रांती."

 नाना म्हणाले, "मन्हा कोच बी हाईच बोलना व्हता." आणि फोन ठेवला.

सामना मी पथारीवर आईजवळ बसून मोबाईलवर पाहिला. नाणेफेकीनंतर संघ दाखवला, त्यात लंबू नव्हता. समालोचकांना कारण कळेना. सामना मात्र अटीतटीचा झाला. शेवटच्या षटकापर्यंत दोन्ही बाजू सारख्याच होत्या. चेंडू एका कोवळ्या पोराच्या हातात दिला होता, लंबूच्या जागी घेतलेल्या. देठं खुडणाऱ्या बायकांचे हात थांबले. पोराने दोन चेंडू सुरेख टाकले. तिसरा आखूड पडला. बॅटची कड लागली, चेंडू यष्टिरक्षकाच्या हाताला चाटून सीमेबाहेर गेला. सामना संपला, नानांचा संघ हरला.

पडद्यावर लंबू दिसला, तोंडावर टॉवेल घेऊन हुंदके देणारा. शेजारी नाना, त्याच्या मानेवर हात ठेवून बसलेले.

आईने विचारलं, "हाऊ पोऱ्या कसाले रडी ऱ्हायना?"

"त्याला खेळवलं नाही म्हणून."

"मंग नाना कसाले रडत नही? त्यासनं बी गयंच ना?"

मी मोबाईल बंद केला आणि देठं खुडायला घेतली.

करार संपला. नाना सुरतेहून गाडीने नंदुरबारला उतरले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर टपरीवाल्याने सगळ्यांदेखत टोमणा मारला, "काय नाना, घोडं तबेलामा बांधं आनि शर्यत हारी उनात?" लोक हसले. नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "हारनू ना भो. पण लंबूना पाय शाबूत शे अजून." पुन्हा कुणी विषय काढला की ते उठून मैदानाकडे चालू लागायचे. मला राग यायचा. एका सामन्यापायी आयुष्याची कमाई घालवली, असं त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "कोना आयुष्यानी कमाई, माय? मन्ही का त्यानी?"

परवा सकाळी सराव चालू असताना त्यांच्या मोबाईलवर लंबूचा व्हिडिओ आला. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, नुसत्या विश्रांतीने टाच बरी झाली होती. नानांनी चष्मा पुसला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. लंबू लांबून धावत आला, उडी घेतली, पुढचा पाय पूर्ण टेकला. चेंडू यष्टीवर. तेवढाच व्हिडिओ होता.

नाना मोबाईलच्या काचेला म्हणाले, "आखो एक टाक रे."

पण लंबूचा पुढचा चेंडू बघायला तिथे आता दुसरा कोच उभा होता.