डांबर न सोडणारा टायर

"नवरा टिकला न्हाई, आता गाडी काय टिकतीय!"

रत्नाताईंनी मोटारसायकल घेतली त्या वर्षी डिंगोऱ्यात हे वाक्य बरेच दिवस फिरत होते. एसटी थांब्यावरचे लोक त्यात भर घालत, "दूध घालायला निघाली का काय राव, बाई?" हे त्यांच्या कानावर जात नसेल असे नाही. त्या ओढणी कमरेला बांधत, किक मारत आणि निघून जात.

रत्नाताई आहुप्याच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या आणि नोकरीमुळे एरवी तिथेच राहत. लग्न मोडून त्या माहेरी परतल्या तेव्हा घरात त्यांची आई द्रौपदाबाई एकटीच होती. धाकटा भाऊ रविंद्र पिंपरीला कंपनीत कामाला होता. सत्त्याण्णव साली द्रौपदाबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि घरात एकच प्रश्न उभा राहिला : आई राहणार कुठे? रविंद्र म्हणे, पिंपरीला, माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. द्रौपदाबाई म्हणत, "मला हितंच मरू द्या, त्या वरच्या मजल्यावर नगं." एरवी न बोलणारी ती बाई पिंपरीचे नाव निघाले की पदर तोंडाला लावून रडू लागे.

दिवसभर त्यांच्याजवळ माझी आई बसे. आमचे घर ओढ्याच्या अलीकडे, त्यांचे पलीकडच्या बौद्धवस्तीत. गावाने राखलेले ते अंतर या दोघींनी तरुणपणी एकाच शेतात खुरपताना ओलांडले होते आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नव्हती. आई भरवी, बोले, दार उघडे ठेवून ऊन आत घेई. पण अंघोळ घालणे, पाठ पुसून औषध लावणे ही कामे द्रौपदाबाई फक्त लेकीकडून करून घेत. त्यासाठी रत्नाताई आठवड्यातून दोनदा आहुप्याहून डिंगोऱ्याला येत. एसटीच्या वेळा जुळत नसत, म्हणून गाडी. रविंद्रने एकच अट घातली होती : "तुझं येणं चुकलं किंवा तू कुठं पडलीस, तर आईला मी नेणार."

आमच्याकडे टायर घ्यायला कुणी एकटे जात नसे. म्हैस पाहायला जावे तसे चार जाणते बरोबर जात. टायरला लाथ मारत, नख रुतवून पाहत, किंमत पाडत. रत्नाताईंच्या पहिल्या टायरच्या वेळी माझे वडील रखमाजी आणि आणखी तिघे असेच गेले आणि मोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे वर उठलेल्या जाड ठोकळ्यांचा, दगडासारखा कडक टायर घेऊन आले. शेताच्या वाटेने दुधाच्या किटल्या नेणाऱ्या माणसाला याहून चांगला टायर मिळाला नसता. पण रत्नाताईंची वाट जवळजवळ सगळी डांबरी. जुन्नर, घोडेगाव, डिंभे, आणि अगदी शेवटचा घाटमाथ्याचा तुकडा तेवढा मातीचा. नव्व्याण्णवच्या श्रावणात डिंभ्याच्या पुढच्या एका ओल्या वळणावर मागचे चाक बाजूला सरकले आणि त्या गाडीसकट रस्त्यावर पडल्या. हाड मोडले नाही; कोपर आणि गुडघा सोलून निघाला. बातमी पिंपरीला पोचायला वेळ लागला नाही. रविंद्रचा निरोप आला : पुढच्या रविवारी जीप घेऊन येतो, आईचे कपडे बांधून ठेवा.

त्या आठवड्यात रत्नाताई पुन्हा टायर घ्यायला निघाल्या, आणि या वेळी बरोबर माझ्या आईला नेले. वडील म्हणाले, "ठके, तुला टायरातलं काय कळतं?"

"मागच्या टायमाला तुमाला लई कळलं व्हतं," आई म्हणाली आणि गाडीवर मागे बसली.

नारायणगावचा दुकानदार कुंडलिक याने आधी दाराकडे पाहिले. "पुरुष मानूस मागनं येतोय का?"

"न्हाई. तू दाखव," रत्नाताई म्हणाल्या.

त्याने नेहमीचा गुट्टीचा टायर पुढे केला. रत्नाताईंनी तो बाजूला सारला. "पावसात डांबर सोडत न्हाई असा दे."

कुंडलिकने माळ्यावरून बारीक, तिरक्या खाचांचा टायर काढला. खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते, असे त्याने बोट फिरवून दाखवले. आईने जाणत्यांसारखे नख रुतवले. ते सहज आत गेले.

"अगं, हा तर लोण्यासारखा हाय!"

"तेच सांगतो मावशी. रस्ता धरतो, पन लवकर झिजतो. म्हणून कोन घेत न्हाई. आन् चिखलात निस्ता फिरत राहील, आदीच सांगतो."

रत्नाताईंनी क्षणभर विचार केला. "झिजू दे. चिखलात मी उतरून ढकलीन. दोन्ही चाकांना टाक."

"बाई, ढकलायला गाडी घेतली का?" कुंडलिक हसला.

"डांबरावर झोपायला तर न्हाई घेतली," आई म्हणाली.

रविवारी रविंद्र जीप घेऊन आला. द्रौपदाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रत्नाताई कपड्यांच्या बोचक्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आदी माझ्या मागं बस. आहुप्याला जाऊन येऊ. तुला भ्या वाटलं तर ने आईला." तो नाही म्हणेल असे आम्हाला वाटले होते. पण द्रौपदाबाईंकडे एकदा पाहून तो गाडीवर मागे बसला.

वाटेत काय झाले ते पुढे रविंद्रनेच सांगितले. पाऊस लागला होता. डिंभ्याच्या पुढे वळणावरच एक गाय आडवी आली. रत्नाताईंनी ब्रेक दाबला. "मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी सरळ उभी आणि गाय आमच्याकडे बघत होती." त्यापुढे मातीचा तुकडा लागला, चाक जागच्या जागी फिरू लागले, आणि बहिणीने त्याला कंपनीच्या बुटांनिशी चिखलात उतरवून गाडी ढकलायला लावली.

परत आल्यावर तो बराच वेळ ओट्यावर बूट खरवडत बसला. मग आत जाऊन त्याने बोचके सोडले आणि आईची लुगडी स्वतःच्या हाताने पुन्हा दांडीवर टाकली. जीप रिकामीच पिंपरीला गेली. पुढे मागचा टायर झिजला की नवा तोच पाठवी.

द्रौपदाबाई आणखी सहा वर्षे जगल्या. गेल्या तेव्हा त्या स्वतःच्याच घरात होत्या. रत्नाताई उशाशी होत्या आणि द्रौपदाबाईंचा डावा हात माझ्या आईच्या हातात होता. त्या सहा वर्षांत माझ्या आईला तिची मैत्रीण रोज भेटली, हे ऋण मी शहरात राहूनही विसरू शकलो नाही. मृत्यूनंतरच्या जलदानविधीच्या दिवशी मी डिंगोऱ्याला गेलो आणि जमेल तितक्या शब्दांत रत्नाताईंचे आभार मानले. त्यांनी माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही.

"मला कशाला सांगतो, सुदर्शन? दिसभर तिच्यापाशी तुझी आई बसली. मी निस्ती गाडीवर बसले. जा, घरी जाऊन तिला सांग."