नवरीची नखं आणि अक्कांचे मांडे

पार्लरमध्ये कापलेले केस संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र साचतच जातात! लग्नसराईत तर इतके साचतात, की पिंप्राळ्यातल्या माझ्या पार्लरमध्ये मी आणि माझी असिस्टंट रेश्मा चहा पिता पिता तेच ते पुन्हा सांगून हसत बसतो. पण यंदा एका नवरीने एकटीनेच सगळ्या सीझनचा कोटा पूर्ण केला. प्रांजल, रावेरची!

वडिलांची केळी. पॅकिंगचं काम ही पोरगी उभी राहून करून घेणार, वेळ पडली तर स्वतः घड धुणार, खोक्यात भरणार. केळीचा चीक नखांत बसला की काळा पडतो आणि हलता हलत नाही.

"ताई, माझ्या प्रत्येक फोटोत हात पाठीमागे असतात," ती म्हणाली. "लग्नात मला ते पुढे पाहिजेत. लांब, सुंदर नखांसकट!"

मला ऐकूनच भरून आलं. सासर धुळ्याचं होतं. म्हटलं, पोरी, तुझे हात आख्खं धुळं बघेल!

*

पहिल्या दिवशी तिची आई सोबत आली. मी पॅकेज समजावलं. हात कोमट पाण्यात भिजवायचे, स्क्रब करायचा, नखांना शेप द्यायचा, मसाज करायचा... काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हात धुणंच ना?"

"तसंच म्हणा."

"मग ते मी घरूनच धुवून आणते. तुम्ही फक्त रंगाचे किती ते सांगा!"

*

चीक एका बैठकीत निघत नाही, म्हणून आम्ही महिनाभर आधीच सुरुवात केली. दर वेळी हात उजळवून पाठवायचे आणि पुढच्या खेपेला बाई पुन्हा काळी नखं घेऊन हजर!

"ताई, ट्रक लागला होता हो! माणसं कमी पडली."

रेश्मा तापट. तिने सरळ प्रांजलच्या वडिलांना फोन लावला. "काका, तुम्हाला पोरीचं लग्न करायचंय की केळी भरायचीयेत?"

काका अगदी नरमाईने म्हणाले, "या आठवड्यात भाव चांगला लागलाय हो ताई..."

*

मग नेलपॉलिशची शेड! नवरदेवाला, म्हणजे योगेशला, व्हिडिओ कॉलवर विचारायचं ठरलं. शालूला मरून जाईल की वाईन? योगेशरावांना सगळंच "छान!" प्रांजल वैतागली. तेव्हा रेश्माने गंमत केली. मरूनचीच बाटली तीनदा उचलून दाखवली.

"आता नीट बघून सांगा हं, कुठला?"

योगेशने बराच विचार केला. "दुसरा! दुसरा जास्त उठून दिसतोय!"

मरून फायनल झाला.

*

आणि सगळं जमलं असतानाच धुळ्याहून निरोप आला. योगेशच्या आजीचा. तिला सगळे अक्का म्हणतात आणि घरात तिच्यापुढे कोणी जात नाही. "लगीनना दुसरा दिन नवी सून मांडा करस. आपला रिवाज शे."

आता मांडा म्हणजे काय? पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत परातीएवढा करायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. नख लागलं की संपलं!

प्रांजल रडकुंडीला आली. "ताई, एकदाच हौस करत होते मी..."

मी डोकं लढवलं. ठरलेली, पक्की बसणारी एक्स्टेन्शन कॅन्सल! काढता-घालता येणारी, चिकटवायची नखं घेऊ. लग्नात लावायची, मांड्यांच्या आधी उतरवायची.

काकू खूश. "म्हणजे कानातल्यासारखी! हे आधी नाही का सांगायचं?"

*

दोन सेट तयार केले. एक पांढऱ्या टोकांचा साखरपुड्यासाठी, दुसरा लग्नासाठी मरून. बजावून सांगितलं होतं, हळदीला एकही लावायचा नाही. पण रील काढायचं होतं ना! बाईंनी पांढरा सेट लावला आणि अंगभर हळद माखून घेतली. नखं अशी पिवळीधमक झाली, की तो रंग काही केल्या निघेना.

प्रांजलने रडत फोन केला. मागून काकूंचा आवाज, "अगं पण साडीला किती मॅचिंग झालीयेत!"

*

लग्नात पोरीने हात असे काही मिरवले, की बघत राहावं! हार घालतानाही आधी दहा बोटं कॅमेऱ्याला दाखवली. नखं उतरवायला मी मुद्दाम थांबले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच, धुळ्याच्या घरी, कोमट पाण्यात तिची मरून नखं सोडवली आणि डबीत ठेवली. दोघींचेही चेहरे उतरले होते.

खापर तापलं होतं. सगळ्या बायका गोळा झालेल्या. प्रांजलने गोळा घेतला, हातांवर फिरवला आणि फाटला! दुसरा घेतला. तोही फाटला. आता तर नखांचं निमित्तही नव्हतं. तिचे हात हळूच पाठीमागे गेले. मला बघवेना.

अक्का उठल्या. "ती नखवाली बाई कोठे शे?"

मी घाबरत पुढे झाले.

"डबी आन. लाव माले."

कोणाला काही कळेना. मी मुकाट्याने अक्कांच्या दहाही बोटांना मरून नखं चढवली. अक्कांनी गोळा उचलला. मनगटावरून कोपरापर्यंत मांडा नुसता लहरत गेला आणि खापरावर आख्खा उतरला!

"फाटना का?"

"नाही!" सगळ्या एकदम ओरडल्या.

अक्का प्रांजलकडे वळल्या. "मांडा मी तुले शिकाडसू. पहिले तुनी नखं लाई ले!"

प्रांजलचा चेहरा असा फुलला, काय सांगू! तिने दोन्ही हात माझ्यापुढे केले. मी लगेच कोमट पाण्याचं भांडं अक्कांपुढे सरकवलं. "अक्का, बुडवा हात, काढते."

अक्कांनी हात पदराखाली घेतले.

"कसाले काढस? परवा माले आखो एक लगीनले जानं शे!"