घासलेले दगड

कोंडीरामला घाणीचा भारी तिटकारा, आणि नोकरी मिळाली ती नेमकी मैलापाण्याच्या केंद्रावर. चिंचवडजवळ एका कंपनीने कामगारांसाठी कॉलनी बांधली होती. तिचं सांडपाणी इथे येऊन हौदात निवळायचं, मग फिरत्या नळ्यांतून दगडांच्या थरावर शिंपडलं जायचं आणि शेवटी नाल्याने पवनेला मिळायचं. साल असेल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. नदीची फिकीर करणारे तेव्हा थोडेच होते. आज वाढलेत असं काही मी म्हणणार नाही.

त्याची थोरली बहीण सरूबाई नदीच्या खालच्या अंगाला, पिंपळे गुरवच्या बौद्ध वस्तीत राहायची. वस्ती पाणी प्यायची ते वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं. गावात हिंदुरावांची विहीर होती, पण वस्तीला तिथे कुणी येऊ देत नसे. धर्म बदलला, पाणवठा तोच राहिला.

एकदा मोठे साहेब केंद्र बघायला येणार असं कळलं. 'तसलं काम आणि तसलीच माणसं' हे कोंडीरामने पुष्कळ ऐकलं होतं. आपल्या हातचं काम कसं लखलखीत असतं ते दाखवायचंच, असं त्याने मनावर घेतलं. दगडांवर काळपट, बुळबुळीत थर चढला होता. वरचे दगड त्याने तारेच्या ब्रशने घासले आणि खालच्यांवर ब्लीचिंग पावडर कालवून ओतली. दगड असे निघाले की त्यांवर चटणी वाटून घ्यावी. साहेबांनी तारीफ केली, चहा घेतला आणि ते गेले.

मग नाल्याचं पाणी काळं पडलं, वास सुटला. केंद्राचे इंजिनीअर उद्धवराव यांनी दगडांवरून हात फिरवून पाहिला.

"कोंडीराम, तो थर जिवंत होता," ते म्हणाले. "त्यातले जंतूच घाण खातात. तुला नुसते व्हॉल्व्ह फिरवायला शिकवले, हे सांगायचं राहिलं. चूक माझीही आहे."

"परत कधी यायचा थर?"

"महिना तरी जाईल. कॉलनीचं पाणी काही थांबवता येत नाही. तोवर नदीचं खरं नाही."

कोंडीराम सायकलवरून थेट झिऱ्यावर गेला. कंपनीचं नाव पुढे करून सुटता आलं असतं, पण बायकांच्या भरल्या हंड्यांकडे बघून त्याची जीभ रेटेना.

"आक्का, ह्ये पाणी पिऊ नका. म्या नासवलंय."

सरूबाईने हंडा खाली ठेवला. "मंग प्यायचं काय?"

तो हिंदुरावांकडे गेला. ते ओट्यावरूनच म्हणाले, "नदी तुमच्या माणसानं नासवायची आणि विहीर आमची व्हय?" कोंडीराम मान खाली घालून परत फिरला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

मग शिफ्टच्या आधी आणि नंतर तो कॉलनीच्या नळाचं पाणी कॅन भरभरून सायकलवरून नेऊ लागला. वस्तीला ते पुरणार कुठून? ते पोरांना द्यायचं आणि थोरांनी झिऱ्याचंच उकळून प्यायचं, असं ठरलं. सरूबाईच्या घरी उकळायला सरपण नेहमी असतंच असं नाही. ती जुलाबांनी आडवी झाली आणि उठून बसली तेव्हा निम्मी राहिली होती.

दगड पुन्हा बुळबुळीत झाले, तेव्हा घाणीचा तिटकारा असलेला हा माणूस त्यांवरून प्रेमाने हात फिरवत बसला. नाल्याचं पाणी निवळलं. सरूबाईने झिरा उपसला, ताज्या पाण्याचा तांब्या भरला आणि भावापुढे धरला.

"आदी तू पी."

तो प्याला. पुढे रविवारी बहिणीकडे गेला की पहिला तांब्या त्याचाच. दोघांपैकी कुणी त्यावर कधी बोललं नाही.

ऐंशीनंतर वस्तीत नळ आला. सगळी वस्ती भोवती जमली. सरूबाईने तांब्या भरून सवयीने भावापुढे धरला.

"आक्का, ह्ये माज्या हातचं न्हाई," तो म्हणाला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तरी पी."