गुंतवळाचा चेंडू

त्रिंबक सर निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काही काढेनात. भाजी आणायला निघाले तरी शिट्टी, मयतीला आले तरी शिट्टी. फक्त मयतीला ती सदऱ्याच्या आत असायची. मांजरसुंब्याच्या अलीकडे रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावात शिरताना पहिली माझी पिठाची गिरणी. त्यामुळे कोण कुठे चाललंय हे मला बसल्या जागी कळतं. सरांचं चालणं तर मी लांबून ओळखायचो. चुन्याची रेघ मारत निघाल्यासारखा माणूस सरळ चालायचा.

आष्टीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवले. सामन्यांना पंच म्हणून लोक त्यांना हौसेने बोलवायचे, आणि एकदा बोलावलं की पुन्हा बोलवायला कचरायचे. कारण हा माणूस खोटी शिट्टी मारायचा नाही. स्वतःच्या शाळेचा गडी रेषेबाहेर गेला तर आधी त्यालाच बाद करायचे. मुख्याध्यापक चिडायचे, पोरं रडायची, सर आपले ढिम्म. मला या गोष्टीचं फार कौतुक होतं. आता त्याच गोष्टीचा राग येतो.

युवराज हा त्यांचा जुना विद्यार्थी. पुण्याच्या कंपनीने त्याला यंत्रं बघायला चीनला पाठवलं. तिथे लिनझी म्हणून एक गाव आहे आणि त्या गावात फुटबॉलचं संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्सूजू नावाचा चेंडू लाथाडायचा खेळ तिकडे होता, फुटबॉलचं मूळ ते, असं तिथे सांगतात. युवराजने फोटो काढून सरांच्या मोबाइलवर पाठवले. घोळदार झगे घातलेली माणसं खेळताहेत, शिपाई खेळताहेत, बायकासुद्धा खेळताहेत. सरांनी ते फोटो गावात प्रत्येकाला दाखवले, मला तर दळण चालू असताना, आणि पीठ उडालेल्या मोबाइलची काच माझ्याच बनियनला पुसली. मग बीडला जाऊन फोटो फ्लेक्सवर छापून आणले, घराशेजारचा रिकामा गोठा सारवून घेतला, भिंतींना फ्लेक्स ठोकले आणि दारावर पाटी लावली, 'फुटबॉलचे मूळ – संग्रहालय'.

दसरा झाला की आमची निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात. उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं. अशा गावात चीनचं संग्रहालय. आम्ही खूप हसलो, मी तर जरा जास्तच. सर म्हणाले, गर्दी नाही ते बरंच, नीट बघता येईल.

रोज बघायला येणारी एकच होती, रोहिणी. केसरबाईंची नात, सातवीत शिकणारी. तिचे आईबाप, मंगल आणि परमेश्वर, कर्नाटकात तोडीवर, पोर आजीपाशी. पायाने चपळ, तोंडाने फटकळ. फ्लेक्सवरच्या बायकांकडे बघून तिने सरांना विचारलं होतं की ह्यांना भांडी घासायची नसायची का. सर ते मला दोन-दोनदा सांगून हसायचे.

संग्रहालयात सगळं होतं, पण चेंडू नव्हता. जुना चेंडू कातड्याचा असायचा आणि आत केस भरायचे, असं युवराजने कळवलं होतं. चपला शिवणारा सटवा कातडं शिवायला तयार झाला. आधी त्यांनी शेळीचे केस भरून पाहिले, तो चेंडू लाथेसरशी ढेपाळला. मग सटवाच म्हणाला की बायकांचं गुंतवळ चांगलं दाबून बसेल.

आमच्याकडे बायका विंचरताना गळालेले केस वाऱ्यावर सोडत नाहीत. ते गुंतवळ बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत नाहीतर पत्र्याखाली खोचून ठेवतात. एक तर केसांवर भांडी देणारी बाई येते, तिच्यासाठी. आणि दुसरं म्हणजे आपला केस भलत्याच्या हाती लागला तर त्यावर करणी करतात, या भीतीने. सरांनी पहिलं कारण ध्यानात घेतलं आणि दुसरं हसण्यावारी नेलं. स्टीलचे चमचे, चहाच्या गाळण्या पिशवीत घालून ते दारोदार फिरले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, सर बोहारीण झाले म्हणाल्या, आणि गाळणी घेऊन गुंतवळ दिलं. केसरबाईंनी दिलं नाही. रोहिणीने मात्र आपलं स्वतःचं गुपचूप नेऊन दिलं, बदल्यात काही न घेता.

सरांनी ते सगळं रिठ्याने धुतलं, वाळवलं, पिंजून एकजीव केलं. सटवाने चेंडू शिवला. काळपट, टणक, कलिंगडाएवढा. पहिली लाथ रोहिणीने मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचली. सर इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

संक्रांत होऊन गेली आणि रोहिणीला ताप भरला. मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या, अंगारा झाला. ताप उतरेना. मग उलट्या सुरू झाल्या, मान ताठली, पोर असंबद्ध बोलायला लागली. केसरबाईंनी पलीकडच्या वाडीचा देवऋषी आणला. चेंडूची बातमी त्याच्या कानावर कधीचीच गेलेली असणार. त्याने सांगितलं की पोरीचे केस कातड्यात कोंडलेत. ते सोडवल्याशिवाय तिने गावाची शीव ओलांडली तर जिवंत परत येणार नाही.

त्या दिवशी मी तेलगावला बहिणीकडे गेलो होतो. पुढचं सटवाने मला सांगितलं, आणि सटवा अगदी जवळून बघत होता.

बातमी कळताच सर धावत गेले. अंगणात गाव जमलं होतं. सरपंच सुंदररावांनी स्वतःची जीप पाठवून दिली होती, ती दारात उभी होती. सर म्हणाले, आत्ताच्या आत्ता बीडला न्या. केसरबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. आधी केस, मग गाडी. सरांनी समजावलं, हात जोडले, करणीबिरणी काही नसते म्हणून आवाज चढवला. बाई हलेनात. परमेश्वरचा फोन लागेना.

शेवटी सरांनी गोठ्यातून चेंडू आणला आणि सटवाच्या रापीने सगळ्यांसमोर उभा चिरला. केसांचा ढीग अंगणात पडला. केसरबाई म्हणाल्या, यातले रोहिणीचे कोणते ते काढून द्या.

आणि सर मांडी घालून शोधायला बसले.

रोहिणीचे केस उन्हाने जरा पिंगट झालेले, एवढीच खूण. ते एकेक झुपका उन्हात धरून बघायचे. एकदा तसा एक मिळाला. केसरबाईंनी विचारलं, "नक्की तिचेच हायत का, सर?" सर कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नक्की सांगता येत न्हाई." तो झुपका बाजूला ठेवला, दुसरा उचलला. मग आणखी चारदोन बायका निवडायला बसल्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. जीपचा ड्रायव्हर चहा पिऊन आला. आत रोहिणीला झटके यायला लागले तेव्हा सटवाने केसरबाईंना ओलांडून पोर उचलली आणि जीपमध्ये घातली. सर तिच्याबरोबर गेले. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांपुढे ट्रकांनी रस्ता अडवला होता, तिथे तिने सरांच्या मांडीवर जीव सोडला. बीडच्या डॉक्टरांनी मेंदूचा ताप म्हणून सांगितलं. सकाळी आणली असती तर काही करता आलं असतं, म्हणाले.

गावाला डॉक्टरांशी काय देणंघेणं? सरांनी चेंडू आपल्या हाताने चिरला, म्हणजे आत काहीतरी होतं हे त्यांना ठाऊक होतं, असा हिशेब लोकांनी मांडला. फ्लेक्स फाटले, पाटी विहिरीत गेली. आजवर ज्या बायका हसल्या होत्या त्या सर दिसले की पोरांना घरात ओढू लागल्या. मला गावाची इतकी चीड आली की दळणाला येईल त्याच्याशी मी भांडलो. सर कोणाशीच भांडले नाहीत. घरात बसून राहायचे. पीठ मीच नेऊन द्यायचो.

दहावा झाल्यावर मंगल सरांच्या घरी आली. मी तिथेच होतो. तिला बघून सर उठून उभे राहिले आणि घाईने म्हणू लागले की करणी वगैरे खरंच काही नव्हतं.

"मला ठाव हाय," मंगल म्हणाली. "म्या काय येडी हाय का सर?"

मी मनात म्हटलं, सुटलो. गावात एक तरी माणूस शहाणं निघालं. मंगल भुईवर बसली.

"सासू माझी अडानी," ती म्हणाली. "तिला चार केसं दाखवायचे, म्हनायचं हेच. उठली असती ती दारातून. तुमी एवढे शिकलेले, अन तुमी काहून निवडीत बसले?"

"मला खरंच ओळखू येत नव्हते, मंगल," सर म्हणाले.

"मला बी आले नसते. म्या माय हाय तिची, तरी बी आले नसते." ती उठली. "पन म्या म्हनलं असतं."

बाहेर मुकादमाची गाडी उभी होती, परमेश्वर आधीच वर चढून बसला होता. मंगल जाऊन त्याच्याशेजारी बसली आणि ती दोघं तोडीवर परत गेली.